सोडलेलं पांढरं

१

बेळगावजवळच्या गुंजी गावात माझा दिवस पाणी भरण्यापासून सुरू व्हायचा. चहा झाला की काचेच्या दोन बरण्या विहिरीच्या पाण्यानं भरायच्या, एक ब्रश धुवायला आणि एक रंगात घ्यायला. बोर्डावर कागद चिकटवायचा, घडीचं स्टूल काखेत मारायचं आणि घरामागच्या बांधावर जाऊन बसायचं. समोर भाताचं शेत, शेतापलीकडे मत्तीची आणि किंदळाची झाडं, त्यांच्यामागे जंगल. ऊन बुंध्यांना लागलं की कागद ओला करायचा. मधूनच स्टेशनातून गाडीची शिट्टी यायची. पन्नाशी उलटलेल्या माणसाला याहून जास्त काही लागत नाही असं मला खरंच वाटत होतं.

त्याआधी सगळी उमर साड्यांत गेली. बेळगावच्या वडगावात आमचे माग, शहापुरात दुकान. वडील गेल्यावर दोन्ही माझ्याकडे आलं आणि मी ते चालवलं, चांगलं चालवलं. लहानपणी वडलांच्या शेजारी बसून चौकटीच्या कागदावर काठाची नक्षी भरायचो, तेवढीच माझी चित्रकला. पुढं तेही कारागिरांवर सोडलं.

एके दिवशी दुकानात एक म्हातारी बाई नातीसाठी साडी बघत होती. एका साडीवर हात ठेवून तिनं विचारलं, "ह्यो हिरवा कसला म्हणायचा रं?"

मी शेड कार्डावरचा नंबर सांगितला.

ती हसली. "नंबर नगं रं बाबा. कसला हिरवा? शेवाळी, पोपटी, कच्च्या चिंचंचा? कसला?"

मी साडी उजेडात धरून बघितली. ती साडी घेऊन गेली, पण मी दिवसभर गादीवर बसून त्या हिरव्याचं नाव शोधत राहिलो. त्या आठवड्यात रंगाची पेटी आणली. नंतरच्या वर्षात धाकट्या भावाच्या, किशनच्या, हातात सगळ्या किल्ल्या दिल्या.

"अण्णा, चित्रं काढायला दुकान कशाला सोडायला पायजे? रविवारी काढा की," किशन म्हणाला.

"रविवारी काढून बघितलं रं. सोमवारी परत नंबरच दिसतात."

मंगलनं, माझ्या बायकोनं, भांडण करायचं ते करून घेतलं आणि मग म्हणाली, "जावा. पण मी काय तिथं कायमची येणार न्हाय. बोलायला कोण हाय तिथं? झाडं?" आमची मुलगी पूर्णिमा लग्न होऊन पुण्याला. मंगल शहापुरातच राहिली, आणि रविवारी सकाळच्या पॅसेंजरनं डबा घेऊन गुंजीला यायची. ती दिसायच्या आधी तिचा आवाज यायचा. स्टेशनापासून घरापर्यंत वाटेत भेटेल त्याच्याशी बोलत, कुणाला तरी दटावत, मोठ्यानं हसत ती यायची. माझ्या प्रत्येक चित्रात खोट काढायची. "हे झाड हाय का कोबी?" असं. खरं सांगतो, आठवडाभर मी त्या आवाजाची वाट बघायचो.

२

जलरंगात पांढरा रंग वापरायचा नसतो. जे पांढरं हवं तिथला कागद सोडायचा. ढगाची कड, बगळा, पाण्यावरची चमक, सगळं आधी ठरवून कोरं ठेवावं लागतं. एकदा तिथं रंग गेला की गेला. म्हणून चित्र काढणारा माणूस पांढरं कधी चुकून सोडत नाही. ते त्याला माहीत असतं.

भात कापून झालं होतं, दिवाळी नुकतीच सरली होती. त्या सकाळी मी शेत आणि झाडं काढली. चित्र सुकल्यावर भिंतीला टेकवून लांबून बघितलं, तर मधल्या मत्तीच्या बुंध्याशेजारी एक पांढरी उभी फट राहिलेली. करंगळीच्या नखाएवढी. गवताचा हिरवा दोन्ही बाजूंनी येऊन तिच्यापाशी थांबलेला, कड अगदी स्वच्छ. तिथं मी काही सोडलं नव्हतं. तिथं गवतच होतं.

म्हटलं, घाईत राहिलं असेल. हिरव्याचा एक थेंब घेऊन ती बुजवून टाकली.

दुसऱ्या दिवशी बांधाच्या दुसऱ्या टोकाला बसलो. तिथून मत्ती डावीकडे जाते. संध्याकाळी बघितलं तर फट डावीकडे होती, बुंध्याशेजारीच.

३

माझं डोकं व्यापाऱ्याचं आहे. माल खराब निघाला की आधी सूत बघायचं, मग माग, मग कारागीर. तसंच केलं.

कागदाला कुठं तेलकट बोट लागलं असेल म्हणून कागद बदलला, उलटा लावला, नवा गठ्ठा फोडला. फट राहिली. ब्रश बदलला. राहिली. मग मोबाइलवर त्याच जागेचा फोटो काढला आणि घरात बसून फोटोवरून चित्र केलं. ते पूर्ण आलं, गवत सलग. म्हणजे कागद ठीक, रंग ठीक. समोर बसून काढलं तरच राहतं. म्हणजे डोळा.

बेळगावला जाऊन डोळे तपासून घेतले. डॉक्टर तरुण होते, त्यांनी पडद्यावर ठिपके दाखवून बटण दाबायला लावलं. मी एकही ठिपका चुकवला नाही.

"ह्या वयाला इतकी नजर क्वचित असते हो," ते म्हणाले. "काय करता आपण?"

"चित्रं काढतो," म्हणालो. अनोळखी माणसाला असं पहिल्यांदाच सांगितलं होतं. दुसरी कुठली वेळ असती तर किती बरं वाटलं असतं.

परत येताना गाडीत विचार केला, राहिला तो कारागीर. म्हणजे हात.

४

माझं घर नागुबाईच्या मालकीचं. एकाच कौलाखाली दोन बिऱ्हाडं. एकात ती आणि तिच्या म्हशी, दुसऱ्यात मी. तिची मुलं गोव्याला कामाला. मी तिला आक्का म्हणायचो, वयानं ती मोठी होती. माझी चित्रं ती कधी बघायची नाही. कागदावर पाणी घालून वाळवत बसणारा माणूस तिला बिनकामाचा वाटायचा आणि ते ती लपवायची नाही.

एका दुपारी ती दाराशी येऊन उभी राहिली. "अण्णा, तुम्ही दिसभर तिकडं त्वांड करून बसतासा. मत्तीपाशी काय पुरलंय बिरलंय का कुणी? साप मारून टाकलाय का?"

"नाही. का?"

"म्हसरं सरळ येईनात गं बाई. जंगलातनं येताना मत्तीपाशी आली की वळसा घालत्यात. आज काठी घातली तरी मधनं गेली न्हाईत."

तिला चित्रं दाखवावीत असं वाटलं, पण दाखवून विचारायचं काय?

"वास आला असंल वाघराचा," ती स्वतःशीच म्हणाली आणि गेली. तिला काही माहीत नव्हतं. मला वाटतं, कुणालाच काही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी बांधावरून म्हशी येताना बघितल्या. रांगेत येत होत्या. पुढची मत्तीपाशी आली, मान न वळवता बाजूला सरकली, पाच-सहा पावलं गोल जाऊन परत रेषेत आली. मागच्या तशाच. बाजारात कुणी उभं असेल तर आपण जसे न बघता बाजूनं जातो, तशा. ती जागा रिकामी होती. नुसतं गवत, त्यावर ऊन.

मग मी स्वतः जाऊन तिथं उभा राहिलो. काही झालं नाही. झाडाचा गारवा, पायाखाली पानं. फक्त तिथून माझं स्टूल आणि बोर्ड बघितल्यावर मला विचित्र वाटलं. माझी जागा तिथून फार नीट दिसत होती.

५

नंतर मी हातावर नजर ठेवायची ठरवली. समोरचं दृश्य नाही, ब्रशचं टोक बघायचं.

मत्तीच्या उजवीकडून गवत भरत आलो. हिरवा ओला होता, कागदावरून छान सरकत होता. त्या जागेपाशी आल्यावर ब्रश उचलला गेला. मी उचलला नाही. तो उचलला गेला, पलीकडे गेला, आणि कड सांभाळत अलगद टेकला. बायका रांगोळी काढताना मधे ठेवलेल्या समईला हात लागू देत नाहीत, तसा. माझ्या हाताला कसलाही ताण नव्हता. हिसका नव्हता. तो हात दुसरं काही न वाटता, सवयीनं, समोर जे होतं ते काढत होता. आणि समोर जे होतं तिथं गवत नव्हतं, असं त्या हाताचं म्हणणं होतं.

डोळा म्हणतो गवत. हात म्हणतो गवत नाही. वर्षानुवर्षं मी नंबरांवर भरवसा ठेवला होता, आणि हाच हात परत मिळावा म्हणून सगळं सोडून आलो होतो. आता त्याच्यावर भरवसा ठेवायचा का, एवढाच प्रश्न होता.

मी बांधावर जायचं बंद केलं. घरातच काम करू लागलो. स्वयंपाकघरातला तांब्या, कोयता, भोपळा, चुलीवरची काजळी. चित्रं चांगली येत होती, एकही कोरी जागा नाही. पाच-सहा दिवसांत मी परत नीट जेवायला लागलो.

मग एका दुपारी मधल्या खोलीतली खिडकी काढायला घेतली. जाड भिंत, लाकडी गज, कोनाड्यात कंदील, आणि गजांपलीकडे थोडं शेत. अंगणात नागुआक्का फळीवर भाताच्या पेंढ्या झोडत होती. तो आवाज खिडकीतून स्पष्ट येत होता, धप्प, धप्प. रंगवता रंगवता माझ्या लक्षात आलं की आवाज दबलाय. बंद नाही झाला. आपण घरात असताना दारात कुणी येऊन उभं राहिलं की बाहेरचा आवाज जसा त्याच्या अंगात मुरून येतो, तसा येत होता. मी मान वर केली. खिडकीत शेत होतं, ऊन होतं.

खाली कागदावर भिंत झाली होती, कोनाडा झाला होता, गज झाले होते. गजांपलीकडे काहीच नव्हतं. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात आभाळाची एक निळी चिमूट, बाकी खिडकीभर पांढरं.

मी मोठ्यानं हाक मारली, "आक्का!"

झोडणी थांबली. "काय वो?"

"खिडकीपाशी कोण आहे का बघा."

थोड्या वेळानं ती खिडकीत आली, गजातून आत बघितलं. "कोण न्हाय की. का?"

आवाज परत मोकळा झाला होता.

६

तो शनिवार होता. सामान आवरून मंगलबरोबर रविवारी परत जायचं असं मी ठरवलं होतं. तिला कारण काय सांगायचं, तेही ठरवलं होतं: कंटाळा आला. ती जिंकल्यासारखी हसेल, किशनला फोन करून सांगेल, आणि संपलं.

रविवारी सकाळी नेहमीसारखा तिचा आवाज आधी आला. नागुआक्काशी म्हशीच्या दुधावरून काहीतरी वाद घालतच ती आत आली. अंगावर आमच्याच मागावरची वांगी रंगाची साडी, इरकली काठाची. डबा ठेवला, पंख्यासारखा पदर हलवला आणि भिंतीशी लावलेली चित्रं चाळायला लागली. मधल्या रविवारी लपवली होती तशी ती आधी लपवायला हवी होती, पण सुचलंच नाही.

"हे बरं हाय. हे जरा... हे काय, भोपळा व्हय? मला वाटलं मांजर." मग ती थांबली. तीन-चार चित्रं बाजूबाजूला मांडली. "ही सगळ्यात कोण उभी हाय?"

"कोण उभी?"

"ही की वो. पांढरी. झाडाखाली. का बाप्या हाय?"

मी तोवर तिला फट म्हणत होतो. कोरी जागा म्हणत होतो. मंगलनं म्हटल्यावर मी परत बघितलं आणि मग ते दुसरं काही दिसेना. वर थोडं अरुंद. खाली कपडा पसरावा तसं रुंद.

मग मी तिला सगळं सांगितलं. ती पाटावर बसून ऐकत होती. मधे-मधे बोलत होती, मधेच पाणी प्यायली. शेवटी उठली.

"एकटं राहून राहून डोस्कं फिरायची पाळी आलीया तुमची. आन त्या नागुबाईच्या म्हशी, त्या तर तिच्यासारख्याच येडपट. चला उठा."

"कुठं?"

"तिथं मी हुभी राहते. मला काढा. बाई हुभी असल्यावर कसं पांढरं राहतंय बघू की."

"नको."

"तुमचं नको मी कवा ऐकलंय?"

मी तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला, रागानं नाही, हसत. आणि मला वाटलं, खरंच बरं होईल. कुणीतरी दुसरं, खरं, बोलणारं माणूस तिथं उभं राहिलं की ही सगळी जळमटं निघून जातील. मी बोर्ड घेतला.

बांधावर मी बसलो आणि ती कापलेल्या भाताच्या खुंटांवरून चालत निघाली. तोंड चालूच. "काय काटं टोचायला लागलेत... उद्या दुकानात या तुम्ही, किशनला एकट्याला... आन ऐकलासा का, पूर्णिमा म्हणत होती की..." आवाज लहान होत गेला. मत्तीच्या सावलीत ती शिरली आणि पुढचं ऐकू आलं नाही. लांब गेली होती, म्हणून असेल. वळली, माझ्याकडे तोंड करून उभी राहिली आणि दोन्ही हातांनी विचारलं, हितंच का?

मी मान हलवली.

कागद ओला केला. गवत भरत आलो. त्या जागेपाशी ब्रश आला आणि उचलला गेला नाही. मी वांगी रंग घेतला आणि तो सरळ आत गेला, साडी झाली, काठाची रेघ झाली, चेहऱ्याचा गव्हाळ ठिपका, केसांचा काळा. मी आयुष्यात इतकं चांगलं माणूस काढलं नव्हतं. लांबवरची, एवढीशी, पण मंगलच. कंबरेवर हात ठेवून उभं राहायची तिची पद्धत सगळी आली. कागदावर कुठंही पांढरं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"झालं! ये!" मी ओरडलो.

ती शेतातून चालत आली. माझ्याजवळ आल्यावर म्हणाली, "झालं?"

"झालं. बघ."

तिनं चित्र बघितलं. बराच वेळ बघितलं. म्हणाली, "छान हाय."

७

जेवण झालं. तिनं वाढलं, मी जेवलो. मी आनंदात होतो, मीच बोलत होतो. ती ऐकत होती. पूर्णिमा काय म्हणत होती ते मी विचारलं. ती म्हणाली, "काय न्हाय, सहज." मला वाटलं उन्हातून आलीय, दमलीय.

दुपारची गाडी यायला वेळ होता. ती सोप्यात, पुढच्या खोलीत, दाराजवळ भिंतीला टेकून बसली आणि सुपात तांदूळ निवडायला लागली. दारातून उन्हाची पट्टी आत आली होती, सारवलेल्या जमिनीवरून तिच्या मांडीपर्यंत. मला ती पट्टी फार आवडली. शेवटचं एक काढू म्हटलं. आता भीती कसली राहिली होती?

मी भराभर काढलं. जमीन, दाराची चौकट, उन्हाची पट्टी, भिंतीवरचे जुने चुन्याचे ओघळ, सूप, सुपातले तांदूळ. हात छान चालला होता. तांदळाचे दाणे सुपाच्या शेंदरी-पिवळ्यात पांढरे सोडले, ते मीच सोडले, मुद्दाम. सगळं झाल्यावर बोर्ड हातभर लांब धरून बघितला.

सोपा पूर्ण झाला होता. सूप हवेत तिरकं धरलेलं होतं. त्याच्यामागे, भिंतीला टेकून, कोरा कागद बसला होता.

कड स्वच्छ होती. खांद्यापाशी भिंतीचा करडा येऊन थांबला होता. मांडीपाशी ऊन येऊन थांबलं होतं.

मी वर बघितलं. मंगल तांदूळ निवडत होती. वांगी साडी, गळ्यात काळे मणी, हनुवटीच्या डाव्या बाजूचा तीळ. खडा सापडला की तो अंगठ्यानं दारातून बाहेर उडवायची तिची सवय. सगळं होतं. डोळा म्हणत होता, आहे.

"झालं?" तिनं मान न उचलता विचारलं.

"ओलं आहे अजून," मी म्हणालो आणि बोर्ड पालथा घातला.

तिथून मी कसा उठलो ते आठवत नाही. मागच्या दारानं बाहेर पडलो आणि शेतातून पळत मत्तीपाशी गेलो. पानं, गवत, गारवा. कुणी नव्हतं. मी हाका मारल्या. "मंगल! मंगल!" जंगलाकडे तोंड करून मारल्या, झाडाकडे तोंड करून मारल्या. पायाखालचं गवत हातानं चाचपलं.

नागुबाई बांधावर आली. "अण्णा, कुणाला हाक मारालासा? मंगलाक्का घरात हाईत की. आताच बघून आले."

मी वळलो. घराच्या मागच्या दारात मंगल उभी होती. तिथूनच माझ्याकडे बघत होती. तिनं हाक मारली नाही. माझी मंगल असती तर सगळ्या गुंजीला ऐकू जाईल अशी मारली असती.

८

आम्ही त्याच गाडीनं बेळगावला आलो. मी परत दुकानात बसू लागलो. किशनला आनंद झाला. काही दिवसांनी तो गल्ल्यावरून हळूच म्हणाला, "अण्णा, वैनी लई शांत झाल्यात न्हाय? आदी नुसतं वराडायच्या. तुम्ही परत आलासा, त्यांचा जीव थंड झाला."

पूर्णिमाचा फोन आला. "अप्पा, आई हल्ली किती छान ऐकून घेते हो. मधे बोलतच नाही. काल मी तासभर बोलत होते."

मी काय सांगणार? घरात माझ्यासमोर जी आहे तिला आमच्या लग्नातल्या साडीचा रंग माहीत आहे. पूर्णिमाच्या वेळी तिला किती त्रास झाला ते माहीत आहे. मी वाकडेतिकडे प्रश्न विचारून बघितले, ती सगळ्यांची बरोबर उत्तरं देते. विचारलं तेवढ्याचीच देते. रात्री तिचा श्वास ऐकू येतो. पाठीला हात लावला तर पाठ ऊबदार असते. मेंदूची तपासणीही मी करून घेतली, किशनला न सांगता. डॉक्टरांनी चित्रं दाखवली माझ्या डोक्यातली, सगळी स्वच्छ. कदाचित माझा हातच बिघडलेला असेल. बिघडलेल्या हाताच्या सांगण्यावरून माणूस आपल्या बायकोकडे असं बघत असेल, तर त्याच्यासारखा नीच कोण?

असं मी रोज स्वतःला समजावतो. पण घरात मी ब्रश धरत नाही. एकदा किशनच्या लेकीनं हट्ट केला, काकीचं चित्र काढा म्हणून. मी हात दुखतोय म्हणालो. जिचं काढायचं ती सोफ्यावर बसली होती. माझ्याकडे बघत होती.

९

रविवारी मी गुंजीला जातो. ती डबा करून देते. कशाला जातासा, असं तिनं एकदाही विचारलेलं नाही.

नागुबाई आता माझ्याशी फारशी बोलत नाही. घर तिनं दुसऱ्याला द्यायचं ठरवलंय. मी बांधावर बसतो, कागद ओला करतो. समोर शेत, झाडं, मत्तीखाली गवत. कुणी नसतं. मी गवताचा हिरवा घेतो आणि हाताला जाऊ देतो. मत्तीपाशी आला की हात थांबतो, ब्रश धुतो, वांगी रंग घेतो. मी घेत नाही. तो घेतो.

माझी मंगल तिथंच आहे. पहिल्या चित्रात जशी काढली तशीच उभी होती, कंबरेवर हात ठेवून. नंतरच्या चित्रांत तिचे हात खाली आले. मग एका रविवारी ती खाली बसलेली आली, गुडघ्यांवर डोकं ठेवून. त्या दिवशी मी तिथंच बांधावर आडवा पडलो आणि गाडी चुकली. साडीचा रंग हात आता फिका घेतो. पाणी जास्त घालतो, रंग कमी. मी जोर करून गडद घ्यायला बघितलं, तर हात ऐकत नाही. तो समोर असेल तेच काढतो.

मी तिच्याशी मोठ्यानं बोलतो. पूर्णिमाला दिवस गेलेत, ते सांगितलं. किशननं नवीन माग घेतले, ते सांगितलं. तिकडून काही येत नाही. जिनं आयुष्यात मला एक वाक्य पुरं करू दिलं नाही, तिच्याशी मी दुपारभर एकटा बोलत बसतो.

गेल्या रविवारी ती परत उभी होती. एक हात वर केलेला. पंजा उघडा, माझ्याकडे. बोलावतेय की थांब म्हणतेय, ते कळत नाही. एवढ्या लांबून चेहरा म्हणजे रंगाचा एक ठिपका. तो वाचायचा तर जवळून काढावा लागेल. बांध सोडून, शेत ओलांडून, मत्तीच्या सावलीच्या कडेला स्टूल टाकून बसावं लागेल. तिथं बसलो तर डोळे, तोंड, सगळं येईल. ती काय म्हणतेय ते ओठांवरून दिसेल.

येत्या रविवारी तसं करायचं मी परतीच्या गाडीत ठरवलं. कुणाला सांगितलं नाही. सांगायला कोण आहे?

आज सकाळी मी चहा पीत होतो. घरातली ती ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून कणीक मळत होती. मग हात न थांबवता, अगदी मायेनं म्हणाली, "लई जवळ जाऊन बसू नकासा."